चाळीस सेकंदांतलं ‘चालतंय’

पुण्यातल्या माझ्या खोलीत टेबलावर तीन पडदे आहेत. मधे २४ इंची मॉनिटर, डावीकडे एका मित्राने शहर सोडताना देऊन टाकलेला जुना १९ इंची, उजवीकडे लॅपटॉप. लॅपटॉपवर ऑफिसचं चॅट उघडं असतं. डाव्या पडद्यावर गाणी, क्रिकेटचा स्कोअर, नाहीतर घरचा व्हिडिओ कॉल. मधे दिवसा काम आणि रात्री नऊनंतर काउंटर-स्ट्राइक. कॅमेरा मात्र मधल्या पडद्याच्या डोक्यावर बसवलाय. त्यामुळे मी खेळत असलो तरी कॉलवरच्या माणसाला वाटतं, हा आपल्याकडेच बघतोय. हे मी मुद्दाम केलं नव्हतं. पण लक्षात आल्यावर बदललंही नाही.

गेल्या मे महिन्यात एका रात्री आईचा कॉल आला. आमचं गाव बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात. मी नेहमीसारखा कॉल डावीकडे टाकला, हेडफोन एका कानावरून मागे सरकवला आणि खेळत राहिलो. जे काउंटर-स्ट्राइक खेळत नाहीत त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: एक टोळी बॉम्ब लावते, दुसरी तो निकामी करायला धावते, आणि बॉम्ब लागल्यापासून फुटेपर्यंत चाळीस सेकंद असतात. त्या चाळीस सेकंदांत आमच्या बाजूचा मी एकटाच जिवंत उरलो होतो. मेलेले चार मित्र एका कानात सल्ले देत होते. दुसऱ्या कानात आई काहीतरी सांगत होती. कडबा, आबांचा गुडघा, नेकनूरचा बाजार असे शब्द कानावर पडले. मग ती थांबली. समोरचा थांबला म्हणजे आपली पाळी आली, एवढं कळायला ऐकावं लागत नाही. मी म्हणालो, “चालतंय.”

बॉम्ब निकामी झाला. तो राउंड आम्ही जिंकलो. मॅच हरलो, पण ते सोडा.

पोळ्याला गावी गेलो तर गोठ्याची एक बाजू रिकामी. तिथे तांबडी असायची. लाल कंधारी गाय, मी दहावीत असताना आमच्याच दावणीला जन्मलेली. मी आईला विचारलं, “तांबडी कुठंय?” आईने माझ्याकडे बघितलं. “इकली की. तुला इचारलं व्हतं ना रे? तू चालतंय म्हणलास.”

आणि मी म्हणालो, “हां, हां. विसरलो होतो.”

या दोन वाक्यांतलं दुसरं सरळ खोटं होतं. त्याबद्दल फार विचार करायची गरज नाही. मी विसरलो नव्हतो, मी ऐकलंच नव्हतं, आणि ते लपवायला खोटं बोललो. मला तेव्हापासून छळतंय ते पहिलं. ‘चालतंय’ हे काय होतं?

ते खोटं म्हणता येत नाही, कारण त्यात कुठलं विधानच नव्हतं. मी कुठला शब्दही मोडला नाही. नुकसानीचं म्हणाल तर हिशोब उलटाच निघतो. त्या उन्हाळ्यात कडबा परवडत नव्हता, आबांचा गुडघा गेलेला, चाऱ्याला रोज कोण जाणार? गाय चांगल्या घरी गेली, भाव बरा मिळाला. मी नीट ऐकलं असतं तरी शहाणपणाचं उत्तर कदाचित हेच असतं. म्हणजे परिणामांच्या तराजूत तोललं तर माझ्या पारड्यात दोष शून्य. तरी त्या रिकाम्या दावणीकडे बघताना पोटात जे झालं ते शून्य नव्हतं.

मी आधी दोष यंत्रावर ढकलून बघितला. सोपं असतं ते. पडदे जास्त झाले, लक्ष वाटलं गेलं, मोबाईल वाईट, गेम वाईट. पण हे खरं नाही, निदान इतकं सरळ खरं नाही. जास्त पडद्यांची हौस जुनी आहे. १९९३ सालच्या ‘डूम’ या गेमच्या अगदी सुरुवातीच्या आवृत्तीत तीन संगणक नेटवर्कने जोडून डावीकडचं आणि उजवीकडचं दृश्य वेगवेगळ्या पडद्यांवर दाखवायची सोय होती; लगेच पुढच्या आवृत्तीत ती काढून टाकली. विंडोज ९८ पासून साध्या पीसीलाही दोन मॉनिटर जोडता यायला लागले. आज तीन फुल एचडी पडदे शेजारी शेजारी लावले की ५७६० पिक्सेल रुंदीचं मैदान मिळतं, गाडी चालवायच्या गेममध्ये खिडकीतून बाजूचं झाड मागे जाताना दिसतं, आणि खरंच मजा येते. त्यात अनैतिक काय आहे? तिन्ही पडद्यांवर एकच रस्ता आहे. परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात बसलेला माणूसही अनेक आकड्यांकडे आणि पडद्यांकडे एकाच वेळी बघत असतो. पण त्याच्यासमोर वीस गोष्टी नसतात, एकच असते: संच नीट चालतोय की नाही.

गंमत म्हणजे जे लोक जिंकण्यासाठी, पैशांसाठी खेळतात, त्या काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धकांसमोर स्टेजवर साधारण २४ इंचांचा एकच पडदा असतो. डोळे न फिरवता सगळं दिसलं पाहिजे म्हणून. तीन पडद्यांची चैन माझ्यासारख्या हरणाऱ्यांची.

आमच्या अंबाजोगाईत एक जुनी गोष्ट आहे, जी मला यानिमित्ताने आठवत राहते. दासोपंतांची पासोडी. सोळाव्या शतकातले हे संतकवी. गीतेवर त्यांनी ‘गीतार्णव’ लिहिला तो सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. रोज एक ढबू पैशाची शाई त्यांना लागायची, असं सांगतात. त्यांनी ‘पंचीकरण’ हा ग्रंथ कागदावर न लिहिता कापडावर लिहिला, सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद. शाळेच्या सहलीत पासोडीबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोक्यात आलं होतं, केवढी मोठी स्क्रीन! आता वेगळं वाटतं. ४० फुटांचं कापड एका नजरेत वाचताच येत नाही. वाचणाऱ्याला त्याच्या कडेने पावलं टाकत जावं लागणार. जागा कितीही मोठी असली तरी वाचणारा एका वेळी एकाच ओळीपाशी.

मग ‘मल्टिटास्किंग’ म्हणजे नक्की काय? हा शब्द माणसांसाठी बनलाच नव्हता. १९६५ च्या सुमारास आयबीएमने आपल्या सिस्टिम/३६० या संगणकाचं वर्णन करताना तो वापरला. आणि त्या यंत्रातही प्रोसेसर एका क्षणी एकच काम करायचा. थोडं हे, थोडं ते, इतक्या वेगाने की बाहेरून सगळं एकदम चाललंय असं वाटावं. मात्र एक काम सोडताना ते कुठवर आलं होतं याची पूर्ण नोंद यंत्र करून ठेवतं आणि परतल्यावर तिथूनच उचलतं. माणसाकडे ती सोय अर्धवट आहे. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवलं की एक काम अपुरं सोडून आपण दुसऱ्याकडे वळलो तर मनाचा एक भाग पहिल्यातच रेंगाळतो. लक्षाचा गाळ, म्हणा. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्यांना एका वेळी अनेक माध्यमं वापरायची दांडगी सवय आहे, ते अनावश्यक गोष्टी गाळण्यात आणि कामं बदलण्यातसुद्धा इतरांपेक्षा मागे पडले. सरावाने सुधारायला हवं होतं, झालं उलटं. पुढच्या काही अभ्यासांत हा फरक इतका ठळक आला नाही, त्यामुळे त्यावर मी फार भार टाकत नाही. तसंही मला माझ्या कार्यक्षमतेची काळजी नव्हती. बॉम्ब तर मी निकामी केलाच होता.

आपल्याकडे मल्टिटास्किंगला त्याहून कितीतरी जुना शब्द आहे: अवधान. आठ जणांना एकदम उत्तरं देतो तो अष्टावधानी, शंभर जणांना देतो तो शतावधानी. तेलुगू मुलखात आजही अष्टावधानाचे जाहीर कार्यक्रम होतात. त्यात आठ प्रश्नकर्ते बसतात. कुणी छंद देतो, कुणी अक्षरं निषिद्ध ठरवतो, कुणी मधेच घंटा वाजवतो आणि शेवटी किती ठोके झाले ते विचारतो. आणि आठांपैकी एकाचं कामच असतं की अवांतर बडबड करून त्या विद्वानाचं लक्ष उडवायचं. म्हणजे आपल्या नोटिफिकेशनला तिकडे मानाची खुर्ची आहे. पण नीट पाहिलं तर अवधानी लक्ष वाटून टाकत नाही. तो पाळीपाळीने प्रत्येकाकडे वळतो आणि त्या वेळेपुरता पूर्ण त्याचा असतो. आठही जणांना आपापलं उत्तर मिळतं. कुणालाच नुसतं ‘चालतंय’ मिळत नाही.

मुंबईत १८८७ साली फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एकोणीस वर्षांच्या एका तरुणाने शतावधानाचा प्रयोग करून शहर थक्क केलं होतं. ते पुढे श्रीमद् राजचंद्र म्हणून ओळखले गेले. १८९१ साली इंग्लंडहून परतलेल्या गांधीजींनी त्यांना भेटल्यावर येतील तेवढे परदेशी शब्द सांगून त्यांची परीक्षा घेतली आणि राजचंद्रांनी ते सगळे त्याच क्रमाने परत म्हणून दाखवले. पण तोवर त्यांनी जाहीर प्रयोग बंद केलेले होते. ज्या वाटेने त्यांना जायचं होतं त्या वाटेवर ही करामत आड येते, असं त्यांना वाटलं. ज्याला शंभर गोष्टी खरोखर जमत होत्या त्याने ते सोडलं, आणि ज्याला दोन जमत नाहीत तो मी तिसरा मॉनिटर आणतोय. असो.

इथे माझ्या डोक्यात एक आक्षेप आला आणि तो बरेच दिवस हटला नाही. आई स्वतः काय करते? ती कधी रिकाम्या हाताने बोलत नाही. फोन डब्याला टेकवून ठेवते आणि शेंगा फोडते, भाकरी थापते, पोरांवर ओरडते. आमच्या गावातली कितीतरी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात. त्यातल्या बाया फडावर मोळ्या बांधताना लेकरू सांभाळतात, एकमेकींना सासरचं सांगतात. त्याआधीच्या पिढ्या जात्यावर दळता दळता ओव्या म्हणायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. १९९६ साली त्यांचं पथक आमच्या जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात आलं होतं, आणि तिथल्या बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गाऊन दाखवल्या. हात दळतायत, तोंड गातंय, शेजारीण ऐकतेय. हे मल्टिटास्किंग नाही तर काय? मग मलाच अपराधी का वाटावं?

फरक मला असा दिसतो. जात्याला तुमचं मन लागत नाही. हातांना वाट पाठ झालेली असते, आणि म्हणूनच मन मोकळं होऊन गाण्याकडे, शेजारणीकडे जातं. हातांनी ऐकण्याला जागा करून दिलेली असते. आई भाकरी थापताना मी काय म्हणालो ते तिला महिन्याने शब्दशः आठवतं. माझ्या टेबलावर उलटं होतं. माझी कान-डोळे-बुद्धी सगळी मधल्या पडद्याने घेतली होती आणि आईसाठी उरला होता तो फक्त चेहरा. तोही कॅमेऱ्याच्या जागेमुळे नीट लागलेला.

तरी चेहरा पुरवणं हा गुन्हा आहे का? सिमोन वेल ही फ्रेंच विचारवंत लक्ष देण्याला औदार्याचं रूप मानायची. मला हे पटायचं, कारण त्यात सूट मिळते. औदार्य दाखवलं तर चांगलं, नाही दाखवलं तर कुणी जाब विचारू शकत नाही. पण कुणी आपल्याला काही विचारतं तेव्हा गोष्ट बदलते. आईने ‘इकायची का?’ म्हटलं त्या क्षणी तिने निर्णयाचा एक तुकडा माझ्या हातात दिला. त्यानंतर लक्ष देणं हे औदार्य उरत नाही, ते देणं होतं. माझ्यापुढे तीन रस्ते होते. ऐकायचं, किंवा ‘आई, पाच मिनिटांनी लावतो’ म्हणायचं, किंवा खोटी सही करायची. मी सही केली.

सही हा शब्द सुचला तो माझ्या चुलतभावामुळे. तो केजमध्ये आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला तेव्हा जुलैअखेरीस त्याच्या दुकानापुढे पार रस्त्यापर्यंत रांग असायची. आधार, सातबारा, पासबुक, पीकपेरा, मग ओटीपी, मग पुढचा. त्या धांदलीत एका म्हाताऱ्याचा गट नंबर चुकला. म्हाताऱ्याला त्याने विचारलं होतं, “सगळं बरोबर हाय ना काका?” म्हातारा म्हणाला होता, “हाय.” तो काय बघून म्हणाला? त्याला पडद्याची फक्त पाठ दिसत होती.

चुलतभावाने मग कुठूनतरी जुना मॉनिटर आणला आणि गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवला. याला जे दिसतं तेच त्यालाही दिसतं. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवरही असा छोटा पडदा असतो. मी विचारलं, “त्यांना इंग्रजी वाचता येतं का?” तो म्हणाला, “नाही येत सगळ्यांना. पण आकडे येतेत. अन् समोर दिसलं की माणूस बोलतो. नाहीतर नुसता हो म्हणतो.” त्याचं काम त्याने थोडं हळू झालं, हेही त्याने सांगितलं. रांगेतले लोक वैतागायचे.

दोघांकडेही दुसरा मॉनिटर, तेवढ्याच इंचांचा, कदाचित एकाच कंपनीचा. त्याचा दुसऱ्याकडे वळवलेला, माझे तिन्ही माझ्याकडे. मी कित्येक दिवस या चित्रावर खूश होतो. वाटलं, मिळालं उत्तर. पडदे किती हा प्रश्नच नाही, ते कुणाकडे तोंड करून आहेत हा प्रश्न आहे. आणि उत्तर द्यायचं असतं त्या माणसाला एका वेळी एकच खिडकी मिळायला हवी, पूर्ण. म्हाताऱ्याचं ‘हाय’ आणि माझं ‘चालतंय’ एकाच जातीचे, फक्त म्हाताऱ्याला दाखवलं नव्हतं आणि मी बघितलं नव्हतं. त्याचा दोष नाही, माझा आहे.

दिवाळीला गेलो तेव्हा ठरवूनच गेलो होतो की आईला सांगायचं. ती चुलीपुढे होती. मी पाटावर बसलो, मोबाईल आतल्या खोलीत ठेवून. म्हणालो, “आई, तांबडीचं तू विचारलंस ना, तेव्हा मी ऐकतच नव्हतो. खेळत होतो.”

“मला म्हाईत व्हतं,” ती म्हणाली.

“कसं काय?”

“तुझ्या चष्म्यात दिसत व्हतं की सगळं. हिरवं-पिवळं पळत व्हतं. बंदूक बी दिसली.”

कॅमेरा, पडदे, नजरेचे कोन, सगळा बंदोबस्त, आणि चष्मा मी हिशोबातच धरला नव्हता. किती रात्री तिने तो चष्मा बघितला असेल?

“मग तरी विचारलंस?”

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “तुझे आबा शेजारी बसले व्हते. तू ऐकला असता तर नको म्हणला असतास. अन् त्यांनी तुझं ऐकलं असतं. मग त्या गुडघ्यावर चाऱ्याला परत तेच गेले असते. तू व्हतास का?”

मी गप्प. म्हणजे तिने माझं लक्ष नसलेली वेळ बघून विचारलं होतं. माझं ‘चालतंय’ मला नकळत घडलेलं वाटत होतं; ते तिने काढून घेतलं होतं. पोळ्यापासून मी ज्या सहीचा विचार करत होतो ती कोरी आहे हे माहीत असूनच तिने ती वापरली होती, आबांना दाखवायला. मग देणं कुणाचं कुणाला? मी चुकलो होतो हे यामुळे पुसलं जात नाही. रोज रात्री अर्धा मुलगा फोनवर येतो हे ठाऊक असल्याशिवाय तिला ही युक्ती सुचली नसती. पण मी ज्याला एकट्याचा दोष समजत होतो त्यात तिचाही एक निर्णय होता, आणि तो माझ्यापेक्षा कितीतरी जास्त लक्ष देऊन घेतलेला होता.

“मला आधीच का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“तू कुठं इचारलं?”

भाकरी फुगली. तिने ती माझ्या ताटात टाकली, शेजारी वाटी ठेवली आणि पातेलं पुढे ओढलं.

“दूध इकतचं हाय,” ती म्हणाली. “पातळ असतंय.”